नुकसानभरपाई, ‘असल्यास’

प्रति,
विदर्भातून निवडून गेलेले सर्व 62 आमदार,
महाराष्ट्र विधानसभा

विषय : 1897 च्या साथरोग कायद्याच्या जागी राज्याचा स्वतःचा कायदा करण्याबाबत

सन्माननीय आमदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीकाठच्या एका तालुक्याच्या कोर्टात पंचवीस वर्षं वकिली करते. माझ्याकडे येणारी कामं साधी असतात. धुऱ्याची भांडणं, वाटणीचे दावे, पोटगी, मधली सहा वर्षं दारूबंदीच्या केसेस. राज्यघटनेवर बोलायची वेळ आमच्या कोर्टात क्वचितच येते. पण 2020 च्या उन्हाळ्यात एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसली आणि तिनं विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला आजपर्यंत देता आलेलं नाही. ते उत्तर द्यायचा अधिकार तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र.

बाई मिरची तोडायला गेली होती. पूर्व विदर्भातल्या आमदारांना हे समजावून सांगायला नको. धान निघालं की चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडच्या टोळ्याच्या टोळ्या तेलंगणात मिरचीवर जातात. नवरा, बायको, शाळा बुडवून नेलेलं पोर, कडेवरचं लेकरू, जर्मनचे दोन गंज, एक तवा. मजुरी काही रोख मिळते, काही मिरचीच्या रूपात. दोन-अडीच महिन्यांनी माणसं पोती घेऊन परत येतात. घरची वर्षाची मिरची बाजूला ठेवायची, उरलेली बाजारात विकायची, त्यातून किराणावाल्याची उधारी फेडायची आणि खरिपाचं बियाणं आणायचं. वर्षाचा हिशेब त्या पोत्यांवर चालतो.

25 मार्च 2020 ला देश बंद झाला तेव्हा ही बाई, तिचा नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा तिकडेच होते. महिनाभर त्यांनी मालकाच्या शेतातल्या खोपटात काढला. 29 एप्रिलला केंद्र सरकारनं अडकलेल्या मजुरांना परवानगी काढून गावी जाता येईल असं जाहीर केलं. परवानगी ऑनलाइन काढायची, सोबत डॉक्टरचा दाखला जोडायचा, आणि यांच्याजवळ बटणाचा मोबाईल. शेवटी टोळीतली अकरा माणसं काही वाट ट्रकनं, काही पायी अशी करत मेच्या पहिल्या आठवड्यात नदीच्या त्या काठाला पोचली. पुलावर नाका होता. म्हणून रात्री ती खालच्या घाटातून उतरली. उन्हाळ्यात तिथं पाणी मांडीएवढं असतं. नवऱ्यानं दोन पोती दोन खेपांत डोक्यावर आणली. पहाटे अलीकडच्या काठावर पथकानं सगळ्यांना अडवलं.

अडवलं याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवते. साथ होती. पुढच्या वर्षी, 2021 च्या एप्रिलमध्ये, माझा सख्खा काका ऑक्सिजनच्या बेडसाठी तीन गावं फिरला आणि गाडीतच गेला. साथीत माणसांचं फिरणं थांबवावं लागतं हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही. थांबवलेल्या माणसाचं पुढं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे.

त्यांना रांगेत बसवलं. कापसावर औषध मारतात तो पाठीवरचा पंप आणला, त्यात हायपोक्लोराईटचं जंतुनाशक पाणी भरलं, आधी पोत्यांवर मारलं, मग माणसांवर. मुलाचे डोळे दोन दिवस लाल होते. नंतर चौदा दिवस शाळेत कोरंटाईन. टिनाचं छप्पर, मे महिन्यातलं चंद्रपूरचं ऊन, एक हातपंप, तीसेक माणसांत दोन संडास. बाया पहाटे चारला उठून रांग लावायच्या. जेवण कधी ग्रामपंचायतीनं दिलं, कधी नातेवाइकांनी कुंपणावरून डबे सरकवले. पोती शाळेच्या वऱ्हांड्यात तशीच ओली पडून होती. गावातलं कोणी त्यांना हात लावत नव्हतं आणि यांना लावू देत नव्हतं. चौदाव्या दिवशी पोती उघडली तेव्हा वरची मिरची पांढरी पडली होती, मधल्या मिरचीला बुरशी आली होती आणि तळाशी काळा लगदा झाला होता.

त्यातली मूठभर मिरची तिनं पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडे आणली. टेबलावर गाठ सोडली. तो वास मला अजून आठवतो. क्लोरीन, बुरस आणि त्याच्या खाली कुठंतरी अजून शिल्लक असलेला तिखटपणा. मला ठसका लागला.

“वकीलबाई, गुन्हा लावला तं लावू द्या जी,” ती म्हणाली. “पण माह्या मिरचीचे पैसे कोण देईन?”

तिच्यावर भारतीय दंड संहितेचं कलम 188, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचं, आणि साथरोग कायद्याचं कलम 3 लावलं होतं. साथरोग कायदा मी तोवर कधी नीट वाचला नव्हता, हे कबूल करते. त्या दिवशी वाचला. चहा निवायच्या आत वाचून झाला. मूळ कायदा चारच कलमांचा आहे. पहिल्यात नाव आणि तो कुठं लागू. दुसऱ्यात सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल तसे तात्पुरते नियम करायची मुभा. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात या कायद्याखाली सद्‌भावनेनं काम करणाऱ्या कोणावरही दावा चालणार नाही असं संरक्षण. अधिकार, शिक्षा, संरक्षण. ज्याला अडवलं त्याला पाणी कोण देणार, किती दिवस अडवायचं, त्यानं दाद कोणाकडं मागायची, यावर एक ओळ नाही.

एक शब्द मात्र आहे. दुसऱ्या कलमात, ओघात, कंसामध्ये. झालेला खर्च कोणी आणि कसा सोसायचा हे सरकार ठरवील, असं म्हणून पुढं लिहिलंय : नुकसानभरपाई, असल्यास, ती धरून. त्या ‘असल्यास’पाशी मी थांबले. सव्वाशे वर्षांपूर्वी कोणा कायदेपंडिताच्या लेखणीतून तो शब्द उतरला आणि माझ्या पक्षकाराचं वर्षाचं तिखट त्या एका शब्दात बुडालं. भरपाई द्यायचीच असं कायदा म्हणत नाही. सरकारला वाटलं तर. आणि सरकारला तसं वाटलं नाही, तर विचारायला जागा नाही.

हा कायदा आला कसा, ते बघण्यासारखं आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मुंबईहून माणसं लाखांनी पळू लागली. युरोपातल्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर बंदी घालायची भाषा सुरू केली, आणि सरकारला धाक बसला तो मुख्यतः व्यापाराचा. जानेवारी 1897 च्या शेवटी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात विधेयक आलं आणि 4 फेब्रुवारीला मंजूर झालं. एका आठवड्याचं काम. त्या सभागृहात आपल्या आजा-पणज्यांच्या मतावर निवडून आलेला एकही माणूस नव्हता. त्यामुळं अडवलेल्या माणसाच्या बाजूनं उठून दोन प्रश्न विचारायला तिथं कोणी असणार नव्हतं. इंग्रजांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्यांनी त्यांच्या गरजेचा कायदा केला. आपण तो आपल्या गरजेचा म्हणून सांभाळून ठेवला, याचा मला जास्त त्रास होतो.

त्यानंतर पुण्यात काय झालं ते शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. रँडची प्लेग कमिटी, गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून घेतलेल्या झडत्या, 22 जून 1897 ची गणेशखिंडीतली रात्र, चापेकर बंधू फासावर, टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिने. ती गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. त्याच कायद्यातली दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ती घराची नाही, वाटेवरची आहे. कलम 2 मध्ये सरकारनं कशाकशासाठी नियम करावेत याचा जो खास उल्लेख आहे, त्यात रेल्वेनं किंवा इतर मार्गानं प्रवास करणाऱ्यांची तपासणी आणि संशयितांना इस्पितळात, तात्पुरत्या जागेत किंवा अन्यत्र वेगळं ठेवणं येतं. संशय कोणाचा? तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा. डॉक्टरचा असायला हवा असंही नाही. कायद्याच्या नजरेतला पहिला संशयित हा प्रवासी होता, आणि प्रवाशांतही तिसऱ्या वर्गाचा. स्टेशनावर गाडी थांबवून तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना खाली उतरवत, फलाटावर रांगेत उभं करत, काखा-जांघा चाचपत. बायाबापड्यांनाही. सामान धुरी देऊन किंवा औषधाच्या पाण्यात बुडवून परत मिळे, काही जाळलं जाई. पहिल्या वर्गातल्या साहेबाची चौकशी त्याच्या डब्यात, अदबीनं.

मद्रास इलाख्यात तर प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याच्या हातात ‘प्लेग पासपोर्ट’ देत आणि गावी पोचल्यावर दहा दिवस त्यानं रोज गावकामगारापुढं हजेरी लावायची. 2020 मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारला तेव्हा मला तोच कागद आठवला. शिक्का वाईट म्हणून नाही. शिक्का मारल्यावर सरकारची जबाबदारी संपते, या समजुतीमुळं.

एवढं करून प्लेग कुठून जात होता? 1898 मध्ये कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं की तो उंदरावरच्या पिसवांमधून पसरतो. म्हणजे फलाटावर माणसांच्या काखा तपासल्या जात होत्या आणि उंदीर धान्याच्या पोत्यांतून गाडीनं पुढच्या गावी उतरत होते. लोकांना शास्त्र ठाऊक नव्हतं, पण उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात खोपटं घालायची, ही रीत मात्र त्यांनी लवकर उचलली. आमच्या घरी आजी सांगायची, तिच्या आईनं असे दोन उन्हाळे शेतात काढले. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, मात्र शेतात जाऊनही उपयोग झाला नाही. ती माणसासोबतच चालत आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत सगळ्यात जास्त माणसं गमावलेल्या मुलखांपैकी एक होता.

माझ्या तालुक्याची नदी तेव्हाही सीमाच होती. अलीकडं इंग्रजी मुलूख, पलीकडं निजामाची मोगलाई. आज अलीकडं महाराष्ट्र, पलीकडं तेलंगणा. पोट भरायला नदी ओलांडणारा माणूस त्या वेळीही हाच होता, आणि दोन्ही काठांना परका.

हा कायदा मंजूर झाल्यावर पाचच आठवड्यांनी, 10 मार्च 1897 ला, सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी पोराला त्या स्वतः पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आल्या होत्या. विलगीकरण त्यांनीही केलंच. गावाबाहेर माळावर रोग्यांना वेगळं ठेवायचं ते तंबूच होते. फरक एवढाच की रोग्याला तिथवर नेणारं कोणी होतं, खाऊ घालणारं कोणी होतं. एकाच साली, एकाच साथीत, वेगळं ठेवण्याच्या दोन तऱ्हा. आपण सावित्रीबाईंचे पुतळे उभारले आणि कायदा कलकत्त्याचा चालवला.

मला माझ्या गावाबद्दलही खरं लिहायला हवं. 2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या गावानं शिवेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. बाहेरच्याला बंदी. बाहेरचा म्हणजे पुण्या-मुंबईहून, तेलंगणातून परत आलेला आपलाच माणूस, ज्याचं घर, रेशनकार्ड, मतदान या गावातलं. मी त्या काट्यांशी जाऊन बोलले नाही. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि मला भीती वाटत होती. गावं अशी का वागली याचा मी नंतर बराच विचार केला. गावाला कोणी सांगितलंच नव्हतं की परत आलेल्या माणसाला कुठं ठेवायचं, त्याचा खर्च कोण देणार, त्याला ताप आला तर गाडी कुठून येणार. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई यांच्या हाती आदेशांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होते. अधिकार खाली उतरले, पैसा आणि यंत्रणा उतरली नाही. मग भीतीनं काट्या टाकल्या. आशाताईंचं तर मी वेगळं लिहीन कधीतरी. त्या बिचाऱ्या ओढणीनं तोंड बांधून शाळेत रोज ताप मोजायला जायच्या आणि गावात त्यांनाच नळावर पाणी भरू देत नव्हते.

त्याच दिवसांत छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली बारा वर्षांची एक मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतातून गावाकडं चालत निघाली. तीन दिवस चालली आणि घर थोडक्यात राहिलं असताना गेली. 8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोप लागलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळला चालत निघाले होते, मध्य प्रदेशात आपल्या गावी जायची गाडी पकडायला. या मृत्यूंची नोंद साथीच्या आकड्यात नाही, आणि साथरोग कायद्यात त्यांच्यासाठी कलमही नाही.

कोणी म्हणेल, कायद्यात 2020 मध्ये दुरुस्ती झाली की. झाली. 22 एप्रिलला वटहुकूम निघाला, सप्टेंबरमध्ये संसदेनं तो कायदा केला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत, तपास तीस दिवसांत पुरा करायचा, नुकसान झालं तर आरोपीकडून भरपाई. हे मला पूर्ण मान्य आहे. डॉक्टर-नर्सना मारणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्याच दुरुस्तीनं केंद्राला बस, रेल्वे, मालवाहू वाहन तपासायचे आणि प्रवास करू पाहणाऱ्या माणसाला जरूर तेवढं अडकवून ठेवायचे अधिकार वाढवून दिले. तपासाला तीस दिवसांची मुदत घालता येते, हे दिल्लीला त्या एका कागदात समजलं होतं. माणसाला अडकवून ठेवायला मुदत घालायचं त्याच कागदात कोणाला सुचलं नाही. दवाखान्याची काच फुटली तर भरपाई ‘असल्यास’ नाही, ती द्यावीच लागते. मिरचीच्या पोत्याला मात्र जुनाच कंस.

वकील म्हणून मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. माझ्या तालुक्यात चोरीच्या संशयावरून कोणाला पकडलं तर घटनेच्या कलम 22 प्रमाणं चोवीस तासांत त्याला न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं. का पकडलं ते सांगावं लागतं. वकील देता येतो. ऐपत नसली तर सरकार देतं. मिरची तोडून घरी निघालेल्या बाईला चौदा दिवस कोंडलं तेव्हा यातलं काहीच झालं नाही. तिला कागदही मिळाला नाही. पुढं कोर्टात गुन्ह्याचे कागद मिळाले, ते गुन्ह्याचे. शाळेत का आणि कधीपर्यंत ठेवलं याचा एक चिटोरा शेवटपर्यंत नाही. मी मागणी केली. तोंडी उत्तर आलं की वरून आदेश होता.

भारताच्या विधी आयोगानं फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्या 286 व्या अहवालात याच कायद्याचा आढावा घेतला. त्यात व्याख्या नाहीत, केंद्र-राज्य-स्थानिक संस्था यांच्या अधिकारांची वाटणी नाही, हा जुना कायदा आजच्या साथींना पुरत नाही, असं म्हणून त्यात मोठ्या दुरुस्त्या तरी करा किंवा नवा सर्वंकष कायदा तरी आणा, अशी शिफारस केली. पण दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला सहावा विषय आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग जाऊ न देणं समवर्ती सूचीत, नोंद 29. केंद्राच्या कायद्याशी अडथळा आलाच तर राष्ट्रपतींची संमती घ्यायचा मार्ग कलम 254 मध्ये आहे. मद्रास इलाख्यानं 1939 मध्येच आपला सार्वजनिक आरोग्य कायदा केला होता. उत्तर प्रदेश आणि कर्नाटकनं 2020 मध्ये साथीचे स्वतःचे कायदे केले, केरळनं 2023 मध्ये सार्वजनिक आरोग्याचा कायदा केला. ते सगळे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. काहींत शिक्षाच जास्त आहेत, आणि तसलीच नक्कल आपल्याकडं येऊ नये. पण त्यांनी हात तरी घातला. 13 मार्च 2020 च्या रात्री मुंबई, पुण्यासोबत आपल्या नागपुरातही साथीचा अंमल सुरू झाला तो त्याच चार कलमांच्या जोरावर, आणि पुढं सगळ्या राज्यात तीच कलमं लागू झाली.

मी मागते ते फार नाही. ज्याला अडवाल त्याला मराठीत किंवा त्याच्या भाषेत लिहिलेला कागद द्या, त्यावर कारण आणि सुटायची तारीख. मुदत वाढवायची तर डॉक्टरच्या सहीनं. तीन दिवसांच्या आत तालुका न्यायाधीशाकडं साध्या अर्जानं, फोनवरूनसुद्धा, दाद मागता यावी. आम्ही वकील त्याचे पैसे घेणार नाही, हे मी आमच्या बार रूममध्ये चारचौघांत बोलून ठेवलेलं आहे. ठेवायच्या जागेत पाणी, जेवण, बायांसाठी वेगळा संडास आणि आतून लागणारी कडी असल्याशिवाय ती जागा विलगीकरणाची धरूच नये. कोंडलेल्या दिवसांची किमान मजुरी सरकारनं द्यावी. तुमच्याच हिताचं आहे हे : मजुरी बुडणार नाही अशी खात्री असेल तर माणूस रात्री घाटातून नदी ओलांडणार नाही, पुलावर येऊन स्वतः नाव सांगेल. माल नष्ट केला किंवा खराब केला तर जागच्या जागी पंचनामा आणि पैसे. ग्रामपंचायतीला खर्चाचा निधी आदेशासोबतच मिळावा, सहा महिन्यांनी नाही. आणि या कायद्याखाली निघालेला प्रत्येक आदेश तुमच्या सभागृहापुढं यावा, म्हणजे कोणीतरी उभं राहून विचारेल. 1897 मध्ये विचारणारं कोणी नव्हतं. आता तुम्ही आहात.

तो ‘असल्यास’ मात्र नव्या कायद्यात कुठल्याच कंसात नको.

गाडगेबाबा आपल्याच मातीतले, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे. त्यांच्या हातातला खराटा सगळ्यांना आठवतो, सरकारी अभियानाला नावही त्यांचं आहे. पण बाबांनी लोकांकडून पैसा उभा केला तो धर्मशाळांसाठी. पंढरपूर, नाशिक, आळंदी, आणि मुंबईत इस्पितळांत आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. वाटेवरच्या माणसाला छप्पर आणि पाणी मिळालं तरच गाव स्वच्छ राहील, रोग हटेल, हे न शिकलेल्या त्या माणसाला कळत होतं. अडवायच्या जागेऐवजी उतरायची जागा. नदीकाठच्या प्रत्येक तालुक्यात अशी एक जागा कायमची बांधून ठेवली तर साथ नसताना तीच मजुरांच्या टोळ्यांना रात्रीपुरती उपयोगी पडेल. आज त्या टोळ्या बसस्टँडवर झोपतात.

त्या बाईच्या केसचं काय झालं तेही सांगते. कलम 188 च्या गुन्ह्याची दखल घ्यायला संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार कोर्टात असावी लागते, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 195. ती नव्हती. मी लढले असते तर केस टिकली नसती, असं मला तेव्हाही वाटत होतं. दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला तिची रोजी बुडायची, वर एसटीचं भाडं. 2022 च्या पावसाळ्यात, रोवण्याच्या ऐन दिवसांत, ती म्हणाली, “बाई, कबूल करून टाका जी. रोवना चालला माह्या.” मी तिला थांब म्हणू शकले नाही. तिनं गुन्हा कबूल केला, पाचशे रुपये दंड भरला, पावती ब्लाउजमध्ये खोचली आणि दुपारच्या बसनं बांधीत गेली. राज्यात असे गुन्हे लाखांहून जास्त दाखल झाले होते. त्यांतल्या किती जणांनी असंच कबूल करून रोजी वाचवली असेल, याचा विचार मी अजून करते.

1 जुलै 2024 पासून 188 चं कलम गेलं, न्याय संहितेत ते 223 झालं आणि दंड वाढला. साथरोग कायदा तिथंच आहे.

येत्या फेब्रुवारीतही टोळ्या निघतील. तुमचं नागपूरचं अधिवेशन त्याआधी डिसेंबरात असतं. केसचे कागद, दंडाच्या पावतीची झेरॉक्स आणि शाळेत राहिलेल्या तीस जणांची मी लिहून घेतलेली माहिती माझ्याकडं फाईलला लावलेली आहे. बोलवलंत तर घेऊन येते. ती बाईही येईन म्हणाली आहे, मात्र धानाची मळणी उरकल्यावर आणि मिरचीवर जायच्या आधी.

आपली,
तालुका कोर्टातली एक वकील आणि मतदार,
जि. चंद्रपूर